जिप्सी पन्हाळा चढताना तापते, उभी केली की बरी होते. काय करू?

जिप्सी०९ | ६ एप्रिल, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. लांब लिहितोय, पण अर्धवट सांगून उपयोग नाही म्हणून सगळंच सांगतो, वेळ काढून वाचा.

गाडी मारुती जिप्सी, एमपीएफआय (म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशोबानं पेट्रोल सोडणारी), १२९८ सीसीचं जी१३बीबी इंजिन. वडिलांनी हौसेनं घेतलेली, त्यांच्या हातची गाडी म्हणून विकायचा विषयच नाही. गेल्या दोन वर्षांत हळूहळू काम करत आणलं, दोन इंच लिफ्ट, २३५/७५ आर १५ टायर, पुढं लोखंडी बंपर त्यावर विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), जाळीच्या पुढ्यात एलईडी बार, बाहेरून बसवलेला एसी. दिवाळीच्या आधी मूळचा बेल्टवरचा फॅन गेला, त्याच्या हबमधून सिलिकॉन तेल गळून सगळीकडं काळा चिकटा झालेला, तर गॅरेजवाल्यानं तो काढून दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा इलेक्ट्रिक फॅन बसवून दिला. थंडीत काही जाणवलं नाही. मार्च उजाडला आणि त्रास सुरू.

त्रास असा. ताराराणी चौकात सिग्नलला कितीही वेळ उभा राहिलो तरी तापमानाचा काटा मध्यावर. घरासमोर अर्धा तास चालू ठेवली तरी काही नाही. पण शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो की केर्लीपर्यंत काटा पाऊणवर आणि वाघबीळच्या पुढं चढ लागला की लालला टेकतो. मग बाजूला घ्यायची, इंजिन चालूच ठेवायचं, दहा-बारा मिनिटांत काटा आपोआप खाली. गेल्या रविवारी आई आणि पोरगी होती गाडीत, दुपारी दीडची वेळ, कूलंटची बाटली भरून उतू गेली, वाफ बघून पोरगी घाबरून रडायला लागली, तेव्हापासून डोक्यात दुसरा विषय नाही.

आतापर्यंत रेडिएटरची कॅप नवीन टाकली, वॉटर पंप नवीन टाकला टायमिंग बेल्टसकट, कूलंट बदललं, आणि मेस्त्रीनं थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडणारी झडप) काढून ठेवला, आपल्या गरम भागात लागत नाही म्हणून. फरक शून्य. आता दोघांनी सांगितलंय रेडिएटरच मोठा टाक. अठरा हजार सांगतायत. टाकू का?

भवानीमंडप | ६ एप्रिल, रात्री ११.०५

भावा सरळ तीन रोचा (नळ्यांच्या तीन रांगांचा) ॲल्युमिनियम रेडिएटर टाक आणि विषय संपव. माझ्या मित्राच्या थारला टाकला, एप्रिलमध्ये आंबा घाट एसी लावून चढतोय. कंपनीनं रेडिएटर साध्या गाडीसाठी दिलेला असतो, तू त्यावर एसी चढवलास, जड टायर चढवलेस, विंच चढवलीस, तेवढ्यात भागणार कसं.

ऑटोवाली_ताई | ६ एप्रिल, रात्री ११.४०

थांबा, खर्च करू नका अजून. आधी गाडी केव्हा तापते ते बघायचं, कशानं तापते ते त्यावरूनच कळतं. मी रोज गाड्यांच्या कूलिंगचंच काम करते त्यामुळं जरा सविस्तर लिहिते.

उभी असताना, सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेला निवते, तर फॅनकडं बघायचं, कारण उभ्या गाडीला वारा फक्त फॅनच देतो. याउलट उभी असताना बरी आणि पळवली की तापते, तर पाण्याचं फिरणं नाहीतर रेडिएटरची ताकद कमी पडतेय, म्हणजे कोअरमध्ये (रेडिएटरच्या मधल्या जाळीच्या नळ्यांत) गाळ, खालचा होज (रबरी पाईप) आत ओढला जाऊन चपटा होणं, पंपाची पाती झिजलेली, असलं काहीतरी. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारात बसतं. पण एक गोष्ट मला पटत नाहीये, बाजूला घेतल्यावर इतक्या लवकर काटा खाली कसा येतो? गाळ भरलेला रेडिएटर तापल्यावर इतका पटकन सावरत नाही सहसा.

उद्या सकाळी इंजिन पूर्ण गार असताना एवढं करा. कॅप उघडी ठेवून गाडी चालू करा आणि पाण्यात सतत बारीक बुडबुडे येतात का बघा, येत असतील तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग, गेलंय. डिपस्टिकवर तेल दुधाळ झालंय का बघा. खालचा होज हातानं दाबून बघा, आत स्प्रिंग लागते का. आणि कुणाकडं तापमान मोजायची लेझर गन मिळाली तर चढून आल्यावर लगेच रेडिएटरच्या वरच्या टाकीचं, खालच्या टाकीचं आणि मधल्या जाळीवर आठ-दहा ठिकाणचं तापमान घ्या. गाळ असेल तर जाळीवर मधेच गार पट्टे सापडतात.

गरम असताना कॅपला हात लावू नका. कॅपवर ०.९ लिहिलेलं असतं, तेवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. कॅप उघडली की दाब जातो आणि ते सगळं एका क्षणात उकळून अंगावर येतं. भाजलेले हात बघितलेत मी.

आणि थर्मोस्टॅट परत बसवा. तो काढल्यानं गाडी गार राहत नाही, फक्त गरम व्हायला वेळ लागतो. एमपीएफआय गाडीत तर इंजिन थंडच आहे असं ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटत राहतं, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो आणि सिलिंडर झिजतात ते वेगळंच.

तांबडापांढरा | ७ एप्रिल, सकाळी ८.१५

थर्मोस्टॅटबद्दल मी सहमत नाही. आमच्या घरी दोन ट्रॅक्स होत्या, दोन्हीचे काढलेले, पंधरा वर्षं कागल ते गारगोटी वडाप (प्रवासी वाहतूक) केलं, एकदाही तापल्या नाहीत.

ऑटोवाली_ताई | ७ एप्रिल, सकाळी ९.०२

दादा त्या जुन्या डिझेल, पंपावर चालणाऱ्या, तिथं ईसीयूचा प्रश्न नव्हता म्हणून धकून गेलं. पण तेव्हाही इंजिन कमी तापमानावर चालून डिझेल जास्त खात असणार. आणि ह्यांचा काढून फरक शून्य पडलाय, म्हणजे दुखणं तिथं नाही एवढं तर नक्की.

जिप्सी०९ | ८ एप्रिल, रात्री ९.२०

ताई, सगळं केलं. बुडबुडे नाहीत. तेल स्वच्छ. खालच्या होजमध्ये स्प्रिंग आहे, कडक आहे. शिरोलीच्या फौंड्रीत मित्र आहे त्याच्याकडून लेझर गन आणली आणि आज सुट्टी टाकून दुपारी मुद्दाम वाघबीळपर्यंत जाऊन आलो. काटा लालच्या खाली बोटभर असताना बाजूला घेऊन मोजलं, वरची टाकी ९८, खालची ९३. जाळीवर दहा ठिकाणी गन मारली, सगळीकडं ९४ ते ९७, गार पट्टा कुठंच नाही.

ऑटोवाली_ताई | ८ एप्रिल, रात्री ९.४८

हे महत्त्वाचं आहे. वरून खाली येईपर्यंत पाणी फक्त ५ अंश निवतंय. थर्मोस्टॅट नसल्यानं पाणी जोरात फिरतंय, त्यामुळं फरक थोडा कमीच दिसणार, तरीपण चढावर इतका कमी नको. आणि जाळी सगळीकडं सारखी गरम म्हणजे पाणी सगळ्या नळ्यांतून जातंय, गाळ नाही. याचा अर्थ पाणी उष्णता आणून देतंय पण ती घेऊन जायला वारा नाही. अठरा हजाराचा रेडिएटर टाकला असता तरी हेच झालं असतं.

पण मग उभी असताना बरी कशी, हे कोडं आहे. फॅन चालतोय ना नक्की?

जिप्सी०९ | ८ एप्रिल, रात्री ९.५५

फॅन चालतोय ताई, चांगला आवाज येतो, बॉनेट उघडून डोळ्यांनी बघितलाय फिरताना.

लेथकाका | ८ एप्रिल, रात्री १०.३०

पोरा, फिरतोय म्हणतोस, पण वारा कुठल्या बाजूला टाकतोय ते बघितलंस का?

चाळीस वर्षं उद्यमनगरात मशीनवर उभा हाय, असली एक केस माझ्या समोर झालीय. इलेक्ट्रिक फॅनच्या दोन वायरी उलट्या लागल्या की फॅन उलटा फिरतोय, आणि फिरताना डोळ्याला काय कळत न्हाई. तुझा फॅन रेडिएटरच्या मागं, म्हंजे इंजिनाच्या बाजूला हाय. त्यानं वारा जाळीतनं आत ओढाय पायजे. उलटा असला तर तो आतनं भाईर फेकतोय. गाडी उभी हाय तवर कुठल्याबी बाजूनं का हुईना वारा रेडिएटरमधनं जातोय, म्हणून काटा धरून ऱ्हातो. गाडी पळायला लागली की म्होरनं येणारा वारा आन् मागनं येणारा फॅनचा वारा एकमेकाला भिडत्यात आन् मधल्या रेडिएटरला कायच मिळत न्हाई. त्यात तुझ्या म्होरं विंच आन् लायटीची पट्टी, म्हंजे म्होरचा वारा आधीच अर्धा.

उद्या एक कर. गाडी चालू, फॅन चालू, जाळीच्या म्होरं उदबत्ती धर. धूर आत गेला तर फॅन बरोबर, धूर तुझ्या तोंडावर आला तर वायरी उलट्या.

घाटवाट | ८ एप्रिल, रात्री १०.४१

काका नाद खुळा!! हे तर डोक्यातच आलं नव्हतं कुणाच्या.

जिप्सी०९ | ९ एप्रिल, सकाळी ७.३८

काका, पाया पडतो तुमच्या.

रात्री झोप लागेना, पहाटे साडेपाचला देवघरातली उदबत्ती घेऊन खाली उतरलो. गाडी तापून फॅन लागेपर्यंत वीस मिनिटं थांबलो. फॅन लागला, जाळीपुढं वीतभर अंतरावर उदबत्ती धरली आणि धूर सरळ माझ्या तोंडावर. विश्वास बसेना म्हणून वहीचं पान धरून बघितलं, जाळीला चिकटायच्या ऐवजी फडफडत हातातून सुटून मागं गेलं. हात लावून बघितलं तर गरम वाफारा बाहेर येतोय, इंजिनाच्या वासासकट. सहा महिने ही गाडी उलट्या फॅनवर चालवतोय मी, पोरीला घेऊन घाट चढलोय.

आज संध्याकाळी वायरी बदलतो.

रेडिएटरचं_पोर | ९ एप्रिल, सकाळी ९.१०

दादा वायरी बदलायच्या आधी फॅनच्या पात्यांकडं पण बघा. आमचं दुकान रेडिएटरचंच आहे, वडिलांचं. फॅन दोन तऱ्हेचे येतात, एक रेडिएटरच्या पुढं बसून वारा ढकलणारे आणि दुसरे मागं बसून ओढणारे. पात्याची कड एका बाजूला वाकवलेली असते. ढकलणारा फॅन मागं बसवून नुसत्या वायरी फिरवल्या तर वारा बरोबर दिशेला जातो पण पातं उलट्या कडेनं हवा कापतं, जोर बराच कमी होतो. पात्याचा खोलगट भाग ज्या बाजूला वारा फेकायचाय त्या बाजूला पाहिजे. काही फॅनची पाती काढून उलटी बसवता येतात, बघा.

आणि वायरिंग बघताना मीटर लावा, फॅनच्या पिनवर गाडी चालू असताना किती व्होल्ट मिळतात ते. बाहेरून बसवलेल्या फॅनला लोक पातळ वायर टाकतात, बरंच व्होल्टेज वायरीतच पडतं.

जिप्सी०९ | १० एप्रिल, रात्री ११.१२

भावा तू सांगितलंस म्हणून बघितलं, दोन्ही निघालं. वायरी फिरवल्याच, शिवाय पाती ढकलणाऱ्या फॅनची होती, मधला नट काढून उलटी बसवली. फॅनच्या पिनवर ११.१ व्होल्ट, बॅटरीवर त्याच वेळी १३.९. अर्थिंग एका गंजलेल्या स्क्रूखाली दाबलेलं. ४ स्क्वेअरची नवीन वायर ओढली, ४० अँपिअरचा रिले, ३० चा फ्यूज, अर्थिंग सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला. आता पिनवर १३.४. आवाजच बदललाय फॅनचा, आणि वहीचं पान जाळीला असं चिकटतं की ओढून काढावं लागतं.

आज रात्री नऊला पन्हाळ्याला जाऊन आलो, बुधवार पेठेपर्यंत काटा मध्यावरून हलला नाही. रात्र होती, एसी बंद होता, हे मान्य. दुपारची परीक्षा रविवारी.

जिप्सी०९ | १३ एप्रिल, संध्याकाळी ६.३०

दुपारी एक वाजता एकटाच गेलो. एसी बंद ठेवून वाघबीळ आरामात. एसी लावला आणि शेवटच्या चढाला काटा पाऊणच्या पुढं सरकला. लालला गेला नाही, पण स्थिरही राहिला नाही. एसी बंद केला, हिटर पूर्ण लावला, खिडक्या उघडल्या, तसा दोन वळणांत परत खाली. म्हणजे ऐंशी टक्के काम झालंय, वीस टक्के कुठंतरी अजून आहे.

घाटवाट | १३ एप्रिल, संध्याकाळी ७.१५

तिसऱ्यात ओढतोस का चढ? २३५/७५ टायर टाकलेस, कंपनीच्या २०५/७० पेक्षा व्यास जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढतो. म्हणजे तुझा प्रत्येक गिअर आता तेवढा लांब झालाय. कमी आरपीएमवर दाबून ओढलं की इंजिन कण्हतं, पंप हळू फिरतो आणि उष्णता मात्र तेवढीच. दुसऱ्यात टाक, तीन हजारांच्या वर ठेव.

आणि बॉनेट मागनं उचलायच्या फंदात पडू नकोस, बरेच जण बिजागरीखाली वॉशर टाकतात. उभ्या गाडीला त्याचा फायदा होतो, पण पळताना काचेखाली हवेचा दाब जास्त असतो, तिथनं हवा उलटी आत शिरते.

पाचटवाला | १३ एप्रिल, रात्री ८.५०

मी असळजचा, गगनबावडा रोडवर रोजचं जाणं-येणं आहे, ऊस पण आहे घरचा. मला सांग, तू थंडीत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागनं किती फिरलायस? आणि जिप्सी घेऊन नदीत, ओढ्यात उतरतोस का?

एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढं बसणारी एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यात बोटभर फट असते. पुढून बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो, मागून बघितलं तर रेडिएटर स्वच्छ दिसतो, आणि मधे जे अडकलेलं असतं ते कुणालाच दिसत नाही. माझ्या पिकअपला हेच झालं होतं. कारखाने चालू असताना पाचटाचा भुगा आणि धुराड्याची काजळी रस्त्यावर उडत असते, ती आत जाते, वरनं चिखल बसला की लिंपल्यासारखं होतं. प्रेशरनं पुढून पाणी मारलंस तर आणखी आत कोंबलं जातं. कंडेन्सर सोडव. गॅस काढायची गरज नाही, चार बोल्ट काढून पुढं जरा झुकवता येतो, फक्त पाईप पिळवटू देऊ नको.

जिप्सी०९ | १६ एप्रिल, रात्री १०.०५

पाचटवाले दादा, तुम्ही डोळ्यांसमोर बघून सांगितल्यासारखं सांगितलंत.

रेडिएटरचं_पोर यांच्या दुकानात गेलो होतो आज, त्यांनी पत्ता कळवला होता. ग्रिल काढलं, कंडेन्सरचे चार बोल्ट सोडले, तो अलगद पुढं झुकवला आणि आम्ही दोघंही गप्प बसलो. रेडिएटरच्या खालच्या निम्म्या भागावर अक्षरशः भिंत होती. वाळलेल्या चिखलाचा थर, त्यात पाचटाचे तुकडे उभे-आडवे रुतलेले, एक अख्खी फुलपाखराची पंखं, सावरीचा कापूस, आणि सगळ्यावर काळी काजळी. नखानं टोकरलं तर ढलपी निघाली, सुकलेल्या शेणीसारखी. जानेवारीत राजारामच्या बंधाऱ्याखाली गाडी उतरवली होती, तो चिखल असणार. दोन मूठ पाचट निघालं. पोरगी सोबत होती, तिनं ते सगळं एका वर्तमानपत्रात गोळा केलं आणि म्हणाली बाबा ह्याच्यामुळं गाडीला श्वास घेता येत नव्हता. त्याच्याहून बरोबर कुणी सांगितलं नसेल.

साफ करताना त्यांनी पाणी मागून पुढं मारलं, म्हणजे इंजिनाच्या बाजूनं, आणि साध्या नळाच्या दाबानं. प्रेशर मारलं की जाळीची पानं आडवी होतात म्हणाले. जी आधीच वाकली होती ती बारीक चिमट्यानं एकेक सरळ केली, दीड तास लागला, कंटाळा न करता केलं त्यांनी. वरच्या टाकीच्या कडेला एक झिरपा सापडला, तिथं डाग देऊन घेतला. जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर असल्यानं ते जमलं.

रेडिएटरचं_पोर | १६ एप्रिल, रात्री १०.२८

पितळी टाकीचा रेडिएटर फेकून देऊ नका कुणी, एवढंच सांगणं. डाग देता येतो, टाकी उघडून नळ्यांत सळई घालता येते, वीस वर्षं चालतो. प्लॅस्टिक टाकीचा एकदा फुटला की संपला.

दादा, एक काम राहिलंय पण. तुमच्या फॅनला श्राउड, म्हणजे फॅनची ओढ सगळ्या जाळीवर पोचवणारं कव्हर, नाही. १४ इंची फॅन आहे, त्याच्यासमोरचा तेवढा गोलच थंड होतो, चारी कोपरे रिकामे. मूळ फॅनला प्लॅस्टिकचं श्राउड होतं, ते नवीन फॅन बसेना म्हणून काढून टाकलं असणार.

भवानीमंडप | १७ एप्रिल, सकाळी १०.००

कूलंट कुठलं भरणार? मी तर पाणी न घालता नुसतं कूलंटच भरतो, घट्ट असलं की चांगलं.

ऑटोवाली_ताई | १७ एप्रिल, दुपारी १.३५

नका भरू तसं. उष्णता वाहून नेण्यात पाण्याइतकं चांगलं काही नाही, ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं रसायन, त्यात कमी पडतं. ग्लायकॉल घालायचं ते उकळायचा बिंदू वाढवायला आणि गंज थांबवायला. निम्मं-निम्मं हे नेहमीचं प्रमाण, आपल्याकडं बर्फ पडत नाही त्यामुळं ३५-४० टक्के कूलंट आणि बाकी डिस्टिल्ड वॉटर असलं तरी चालतं. बाटलीवर तयार मिश्रण लिहिलं असेल तर त्यात काही घालायचं नाही. बोअरचं पाणी मात्र अजिबात नको, क्षार नळ्यांच्या आत बसतात आणि मग खरोखर तीन रोचा रेडिएटर लागतो.

भरताना गाडीचं तोंड चढावर करा, हिटर चालू ठेवा, कॅप उघडी ठेवून गार इंजिन सुरू करा आणि होज हातानं दाबत राहा, अडकलेली हवा बाहेर येते. हवा राहिली की काटा विनाकारण नाचतो.

लेथकाका | १७ एप्रिल, संध्याकाळी ५.२०

पोरा, श्राउडचं माप घेऊन ये रविवारी. माझ्या शेजारी पत्र्याचं काम करणारा मिस्त्री हाय, बसून करून घिऊ. आन् थर्मोस्टॅट टाकायच्या आधी तपासून घे. पातेल्यात पाणी ठेव, दोऱ्याला बांधून थर्मोस्टॅट आत सोड, बुडाला टेकवायचा न्हाई. पाणी तापताना बघत बस, कवा उघडतोय ते.

जिप्सी०९ | २० एप्रिल, रात्री ९.४०

सगळं झालं, क्रमानं सांगतो.

थर्मोस्टॅट नवीन आणला, त्यावर ८२ कोरलेलं. बायकोच्या परवानगीनं जुनं पातेलं घेतलं, जिलेबीवाल्याकडून तेलाचं थर्मामीटर मागून आणलं. ८२ ला तोंड किंचित हललं, हळूहळू ९५ पर्यंत पूर्ण उघडलं. पोरगी आणि मी दोघं शेगडीसमोर बसून बघत होतो. मेस्त्रीनं काढलेला जुना पण सोडला त्यात, तोही बरोबर त्याच तापमानाला उघडला, त्यात दोष नव्हताच. जुना डिकीत ठेवलाय.

काकांकडं सकाळी नऊला गेलो. दीड मिलिमीटर ॲल्युमिनियमचा पत्रा, मिस्त्रींनी आधी पुठ्ठ्याचा नमुना कापला, रेडिएटरवर धरून बघितला, दोनदा बदलला, मगच पत्र्याला हात लावला. पूर्ण जाळी झाकली जाते आणि मधे फॅनपुरतं गोल, पात्याच्या टोकाला आणि पत्र्याला अर्धा इंच फट. काकांनी दोन कोपऱ्यांत रबराच्या झडपा लावायला सांगितल्या, गाडी पळताना पुढच्या वाऱ्यानं त्या उघडतात आणि उभी असताना फॅनच्या ओढीनं बंद होतात, म्हणजे श्राउडमुळं पळताना वारा अडायचा प्रश्न नाही. जुन्या ट्यूबचं रबर कापून बसवलं. दुपारी काकूंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि पत्र्याचे पैसे सोडून काकांनी एक रुपया घेतला नाही.

एलईडी बार जाळीपुढून काढून टपावर नेला, रस्त्यावर कव्हर घालूनच फिरवणार. विंच ठेवलीय, पण तिच्यामागचा नंबर प्लेटचा मोठा पत्रा कापून लहान केला.

पाचटवाला | २० एप्रिल, रात्री १०.१०

आता खरी परीक्षा आमच्या बाजूला दे. खाली वैभववाडीपर्यंत जा आणि करूळ घाट चढून वर ये, भर दुपारी, एसी लावून. वर आल्यावर घरी चहाला यायचं, पोरीला घेऊन.

जिप्सी०९ | २७ एप्रिल, रात्री ८.५५

आलो करूळ करून.

वैभववाडीत दुपारी दोनला सावलीत गाडी लावली तेव्हा लेझर गननं डांबराचं तापमान ५८ आलं. आई, बायको, पोरगी, सगळे गाडीत, एसी दोनवर. आईचा हात पहिल्या चार वळणांत माझ्या खांद्यावर होता, ती मागच्या वेळची वाफ विसरली नव्हती. घाट दुसऱ्यात काढला, मधे एका एसटीच्या मागं बराच वेळ पहिल्यात. काटा मध्यावर, मध्याच्या केसभर वर, परत मध्यावर. गगनबावड्याला वर आल्यावर लगेच बाजूला घेऊन मोजलं, वरची टाकी ९१, खालची ७९. १२ अंशांचा फरक. ह्याच गाडीत तो ५ होता.

आणि गगनबावड्याला वाऱ्यात उभं असताना फॅन आपोआप बंद झाला. कितीतरी दिवसांनी त्याचा बंद होण्याचा आवाज ऐकला. पोरगी म्हणाली झोपली आता गाडी.

असळजला चहा झाला, दादांच्या आईनं पोरीला कच्च्या करवंदांची पिशवी दिलीय.

सोलापूरची_थार | २८ एप्रिल, सकाळी ७.२०

पूर्ण धागा एका दमात वाचला. आमच्याकडं आत्ताच ४३ अंश आहे आणि माझीपण उभी असताना बरी, पळवली की तापते. उदबत्ती घेऊन आत्ताच खाली जातोय. त्या रबराच्या झडपांचं माप आणि फोटो टाकता का?

जिप्सी०९ | २८ एप्रिल, सकाळी ७.४५

प्रत्येक झडप ७० बाय ४० मिलिमीटर, वरच्या कडेला दोन रिव्हेट, खालची कड मोकळी. रबर ट्रकच्या ट्यूबचं घ्या, सायकलच्या ट्यूबचं फार मऊ पडतं, आतच ओढलं जातं. फोटो संध्याकाळी टाकतो. उदबत्ती लावायच्या आधी एसी बंद ठेवा आणि इंजिन गरम होऊन फॅन लागेपर्यंत थांबा, वेळ लागला तरी थांबा. धूर कुठल्या बाजूला गेला ते इथं लिहा, मी बघत बसतोय.